अदृश्य लेसरपासून हिरवा लेसर: स्फटिकात वारंवारता दुप्पट करण्याची पद्धत

१०६४ नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) लेसर डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या वाटेत काही मिलिमीटर जाडीचा, काचेसारखा नितळ स्फटिक ठेवून तो अंशाच्या दहाव्या भागापर्यंत नेमका फिरवला, की पलीकडून ५३२ नॅनोमीटरचा लखलखीत हिरवा प्रकाश बाहेर पडतो. वारंवारता बरोब्बर दुप्पट. अरेषीय प्रकाशिकीतला हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी प्रयोग. ज्यांच्या टेबलावर पल्स देणारा निओडिमियम-याग लेसर आहे आणि स्फटिक अजून मागवायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्फटिक आधीच मागवला असेल तरी वाचा, फक्त एखाद-दुसरा परिच्छेद टोचेल.

एक मत आधीच सांगून टाकतो. स्फटिक निवडताना बहुतेक जण तक्त्यातला अरेषीय गुणांक, म्हणजे स्फटिक रंग किती जोरात बदलतो त्याचं माप, बघतात आणि सगळ्यात मोठा आकडा उचलतात. हिरवा प्रकाश कमी मिळाला की लेसरची ऊर्जा वाढवत नेतात, आणि मग स्फटिकाच्या पृष्ठभागावर एक पांढरा ठिपका उमटतो, जो कधीच जात नाही. मूळ प्रकाश आणि नवा प्रकाश स्फटिकात किती अंतर एकमेकांची साथ धरून चालतात, हा खरा प्रश्न आहे. गुणांक त्यानंतर.

स्फटिकात घडतं काय

प्रकाशाचं विद्युतक्षेत्र स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनना हलवतं. क्षेत्र दुबळं असेल तोवर हालचाल त्याच्या सरळ प्रमाणात असते आणि जो रंग आत जातो तोच बाहेर येतो. क्षेत्र तगडं झालं की हे प्रमाण बिघडतं, इलेक्ट्रॉनांच्या प्रतिसादात क्षेत्राच्या वर्गाचाही वाटा येतो. स्पीकरचा आवाज त्याच्या ताकदीबाहेर वाढवला की तो फाटतो आणि मूळ सुरासोबत दुपटीचे, तिपटीचे सूर ऐकू येतात, तसंच हे. फोटॉनच्या भाषेत सांगायचं तर दोन अवरक्त फोटॉन नाहीसे होतात आणि दुप्पट ऊर्जेचा एक हिरवा फोटॉन जन्माला येतो.

हे वाटेल त्या पदार्थात होत नाही. रचनेला सममिती-केंद्र असेल, तर क्षेत्र उलटं केल्यावर प्रतिसादही तंतोतंत उलटा व्हायला हवा. पण वर्ग काही उलटा होत नाही, म्हणून वर्गाची संज्ञा शून्यच असावी लागते. काच, मीठ, हिरा इथेच बाद. क्वार्ट्झ चालतो, आणि पहिला प्रयोग क्वार्ट्झवरच झाला. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि ३४७ नॅनोमीटरच्या जागी फोटोग्राफिक प्लेटवर एक पुसट ठिपका मिळवला. तो शोधनिबंध छापताना तो ठिपका धुळीचा डाग समजून काढून टाकला गेला. छापील चित्रात आजही बाण आहे, पण तो दाखवतो ती जागा रिकामी आहे.

ठिपका इतका पुसट का होता? प्रत्येक पदार्थात दोन रंगांचा वेग वेगळा असतो. बेरियम बोरेट, म्हणजे बीबीओ, या स्फटिकाचे आकडे घेऊ. ध्रुवण म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र ज्या दिशेत हेलकावतं ती दिशा; ‘साधारण’ नावाच्या ध्रुवणासाठी त्याचा अपवर्तनांक १०६४ नॅनोमीटरला १.६५५१ आणि ५३२ नॅनोमीटरला १.६७४९. फरक दिसायला किरकोळ, ०.०१९८. पण या फरकामुळे सुमारे १३ मायक्रोमीटर अंतरात नवा हिरवा प्रकाश आणि आधी तयार झालेला हिरवा प्रकाश यांची कला, म्हणजे तरंगांच्या चढ-उताराची लय, उलटी होते. तिथून पुढे तयार होणारा प्रत्येक हिस्सा आधीच्याला खोडत जातो. पाच मिलिमीटरच्या स्फटिकात १३ मायक्रोमीटरचे असे पावणेचारशेच्या आसपास तुकडे बसतात: एक भरतो, दुसरा रिकामा करतो. स्फटिक कितीही लांब घेतला तरी पदरात पडतं ते जेमतेम एका तुकड्याचं.

यावरचा तोडगा १९६२ मध्ये दोन ठिकाणी निघाला, बेल लॅबमध्ये जॉर्डमेन यांच्याकडे आणि फोर्डच्या प्रयोगशाळेत मेकर व सहकाऱ्यांकडे. दुहेरी अपवर्तन करणाऱ्या स्फटिकात दोन ध्रुवणांचे दोन अपवर्तनांक असतात: साधारण ध्रुवणाचा कायम राहतो, असाधारण ध्रुवणाचा दिशेनुसार बदलतो. मग अशी दिशा शोधायची, जिथे हिरव्याचा असाधारण अपवर्तनांक आणि अवरक्ताचा साधारण अपवर्तनांक अगदी सारखे होतील. हेच फेज मॅचिंग, कलाजुळणी. आता सगळे तुकडे एकाच बाजूने ओढतात आणि हिरव्याची तीव्रता लांबीच्या वर्गात वाढते.

पहिली पायरी: डोळे

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. १०६४ आणि ५३२ या दोन्ही तरंगलांब्या डोळ्यातून आरपार जाऊन थेट दृष्टिपटलावर एकवटतात. १०६४ दिसत नसल्यामुळे पापणी मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रियाही होत नाही. आणि काही नॅनोसेकंदांच्या पल्सपुढे पापणी कितीही चपळ असली तरी उशीरच होतो.

चष्मा दोन्ही तरंगलांब्यांसाठी हवा आणि तो तुमच्या पल्सच्या ऊर्जेला पुरेल असा निवडा. ऑप्टिकल डेन्सिटी ६ म्हणजे प्रकाश दहा लाख पटींनी कमी. फक्त हिरवा अडवणारा चष्मा घालून निर्धास्त राहणं हा सगळ्यात मोठा धोका, कारण हिरव्याच्या मागे न बदललेलं अवरक्त भरपूर असतं. स्वस्त हिरव्या लेसर पॉइंटरमध्येही हेच: ८०८ नॅनोमीटरचा डायोड, त्यापासून १०६४, आणि केटीपी स्फटिकातून ५३२. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या मानकांच्या संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या अशा एका पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्तच जास्त बाहेर पडत होतं, कारण आतला अवरक्त अडवणारा फिल्टरच नव्हता.

चष्म्यातून हिरवा दिसणार नाही ही तक्रार नेहमीची. त्यासाठी नारिंगी फ्लुरोसंट कागद वापरा. हिरवा प्रकाश पडला की तो कागद नारिंगी चमकतो आणि ती चमक चष्म्यातून आरामात दिसते. अवरक्तासाठी वेगळं दर्शक-कार्ड मिळतं. बाकी बीम डोळ्यांच्या पातळीच्या खाली, घड्याळ-अंगठ्या काढलेल्या, आणि प्रत्येक बीमच्या शेवटी काळा अडसर.

दुसरी पायरी: लेसरची कुंडली

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: पल्सची ऊर्जा, पल्सचा कालावधी, बीमचा आकार व फैलाव, आणि ध्रुवण.

पहिल्या दोहोंतून शिखरशक्ती, म्हणजे पल्स चालू असतानाची शक्ती, निघते. तिला महत्त्व का, ते एका उदाहरणातून पाहू. १ मिलिज्यूलची, १० नॅनोसेकंदांची पल्स सेकंदाला १० वेळा येत असेल, तर सरासरी शक्ती १० मिलिवॅट. तेवढ्याच सरासरी शक्तीचा सतत चालणारा लेसरही मिळतो. पण पल्समधली शिखरशक्ती १०० किलोवॅट, म्हणजे सरासरीच्या एक कोटी पट. रूपांतराचं प्रमाण तीव्रतेबरोबर वाढतं, त्यामुळे सतत लेसरकडून जे जवळजवळ शून्य मिळतं, ते पल्सकडून दणक्यात मिळतं. तुमचा लेसर सतत चालणारा असेल तर हा लेख अर्धाच उपयोगी. तुम्हाला स्फटिक लेसरच्या पोकळीतच, म्हणजे त्याच्या आरशांच्या मधेच, बसवावा लागेल, किंवा बाहेर वेगळी अनुनादी पोकळी बांधावी लागेल, किंवा पुढे येणाऱ्या पीपीएलएनकडे वळावं लागेल.

ध्रुवण रेषीय नसेल तर आधी ते सरळ करा. वेड्यावाकड्या ध्रुवणाचा लेसर आणि कोनावर काटेकोर स्फटिक ही जोडी जमत नाही.

तिसरी पायरी: स्फटिक निवडा

१०६४ पासून ५३२ साठी नेहमीचे उमेदवार पाच.

केटीपी, म्हणजे पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट: प्रभावी गुणांक सुमारे ३ पिकोमीटर प्रति व्होल्ट, कोनाबद्दल आणि तापमानाबद्दल उदार, ओलाव्याची काळजी नाही. हलक्या कामाला उत्तम. पण हिरव्याची तीव्रता जास्त झाली की त्यात हळूहळू करडे पट्टे पडतात, ज्यांना ग्रे ट्रॅकिंग म्हणतात, आणि मग स्फटिक प्रकाश शोषू लागतो.

बीबीओ: गुणांक सुमारे २. अतिनीलात जवळजवळ १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक, म्हणून बहुरंगी कामाचा राजा. कोनाबाबत मात्र अत्यंत चिडखोर.

एलबीओ, म्हणजे लिथियम ट्रायबोरेट: गुणांक फक्त ०.८३. नुकसान सोसण्याची ताकद मोठी, स्वभाव शांत. तक्ता बघणारे याला पहिल्याच फेरीत बाद करतात.

केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट: गुणांक लहान, ओलावा शोषणारा, पण प्रचंड आकारात वाढवता येतो. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीचे १९२ बीम १०५३ वरून ३५१ नॅनोमीटरवर आणायला याच कुळातले सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे स्फटिक लागतात. टेबलावरच्या प्रयोगात त्याला सहसा कारण नाही.

पीपीएलएन: लिथियम नायोबेट, ज्यात ध्रुवीकरणाची दिशा ठरावीक अंतराने उलटी केलेली असते. १०६४ पासून हिरवा करताना हे अंतर सातेक मायक्रोमीटर. इथे कलाजुळणी होतच नाही. कला उलटली की स्फटिकच उलटवून टाकायचा, ही युक्ती. कल्पना ब्लोम्बर्गन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्येच मांडली होती, पण असे स्फटिक हातात यायला काही दशकं गेली. प्रभावी गुणांक १५ च्या वर, त्यामुळे सतत लेसरलाही १ सेंटिमीटर लांबीमध्ये प्रत्येक वॅटमागे एक-दोन टक्के मिळतात. मात्र आरपार खिडकी साधारण मिलिमीटरभर उंचीची, आणि हिरव्या प्रकाशाने होणारं नुकसान टाळायला मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलेलाच प्रकार घ्यायचा.

आता बीबीओ आणि एलबीओची झुंज लावून पाहू. लेसर वरचाच, बीमची त्रिज्या पाव मिलिमीटर. अक्षावरची शिखर-तीव्रता सुमारे १०० मेगावॅट प्रति चौरस सेंटिमीटर येते. ५ मिलिमीटरच्या बीबीओमध्ये, सगळं आदर्श धरून, अक्षावर सुमारे ४१ टक्के रूपांतर. १५ मिलिमीटरच्या एलबीओमध्ये त्याच हिशेबाने सुमारे ५७ टक्के. गुणांक निम्म्याहून कमी असूनही एलबीओ पुढे. मग बीबीओही १५ मिलिमीटरचा का घेऊ नये?

कारण असाधारण किरण तिरका सरकतो. बीबीओमध्ये हिरव्याची ऊर्जा अवरक्तापासून सुमारे ३.२ अंशांनी फुटते, याला वॉक-ऑफ म्हणतात. ५ मिलिमीटरमध्येच ती ०.२८ मिलिमीटर बाजूला जाते, म्हणजे बीमच्या त्रिज्येहून जास्त. त्यामुळे ते ४१ टक्केसुद्धा कागदावरच राहतात, आणि पुढची लांबी जवळपास वाया जाते. एलबीओमध्ये हे फुटणं केवळ ०.४ अंश: १५ मिलिमीटरमध्ये ०.१ मिलिमीटर. म्हणून एलबीओला लांबी परवडते, बीबीओला नाही. तक्त्यातला गुणांक हे काहीच सांगत नाही.

अतिलघु पल्सची गोष्ट निराळी. फेम्टोसेकंद लेसरला ८०० पासून ४०० नॅनोमीटर करताना बीबीओमध्ये दोन रंग प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे १९० फेम्टोसेकंदांनी मागे-पुढे होतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ बीबीओच योग्य, आणि तीव्रता अफाट असल्यामुळे तो पुरतोही.

चौथी पायरी: कोन हाताने काढा

सॉफ्टवेअर आहे, तरी एकदा कागदावर काढा. चुकीच्या कोनात कापलेला स्फटिक परत करता येत नाही.

इथे कोन म्हणजे प्रकाशाची दिशा आणि स्फटिकाचा प्रकाशीय अक्ष यांमधला. बीबीओमध्ये हिरव्याचा असाधारण अपवर्तनांक या कोनानुसार १.६७४९ पासून १.५५५५ पर्यंत उतरतो. आपल्याला तो नेमका १.६५५१ हवा आहे. नातं वर्गांच्या व्यस्तात आहे. १.६५५१ च्या वर्गाचा व्यस्त ०.३६५०५, १.६७४९ चा ०.३५६४७ आणि १.५५५५ चा ०.४१३३०. पहिल्या दोहोंतला फरक ०.००८५८, शेवटच्या दोहोंतला ०.०५६८३. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.१५१. हा कोनाच्या साइनचा वर्ग. वर्गमूळ ०.३८९, आणि कोन २२.९ अंश. पुरवठादारांच्या यादीत २२.८ दिसतो, तो हाच. अपवर्तनांकाच्या चौथ्या दशांश स्थानात एकाचा फरक पडला तरी कोन ०.०६ अंशांनी हलतो, त्यामुळे एवढ्या तफावतीची काळजी नको. ती फिरवून भरून काढता येते.

फिरवताना लक्षात ठेवा: बाहेरून १ अंश फिरवलं की आत प्रकाशाची दिशा सुमारे ०.६ अंशांनीच बदलते. कापताना अर्ध्या अंशाची चूक झाली असेल, तर बाहेर पाऊण अंशाहून थोडं जास्त फिरवावं लागेल.

पाचवी पायरी: बीम किती बारीक करायचा

इथे घाई नडते. बीम बारीक केला की तीव्रता वाढते, हे खरं. पण बारीक बीम फैलावतोही, आणि फैलावातल्या कडेच्या किरणांना कलाजुळणीचा कोन मिळत नाही.

५ मिलिमीटरच्या बीबीओला चालणाऱ्या कोनांचा संपूर्ण पट्टा, बाहेरून मोजला तर, सुमारे १.७ मिलिरेडियन, म्हणजे अंशाचा दहावा भाग. १०० मायक्रोमीटर त्रिज्येच्या कंबरेवर (बीमच्या सर्वांत बारीक जागेवर) आणलेल्या १०६४ च्या बीमचा पूर्ण फैलाव ६.८ मिलिरेडियन. चौपट. पाव मिलिमीटर त्रिज्येला २.७, तरीही जास्तच. अर्ध्या मिलिमीटरला १.३५, आता बसतो. पण तीव्रता चौपटीने घसरून २५ मेगावॅट प्रति चौरस सेंटिमीटर झालेली असते. बीबीओची कोंडी ही अशी. एलबीओचा पट्टा १५ मिलिमीटर लांबीलाही साडेचार मिलिरेडियनच्या आसपास असतो, म्हणून पाव मिलिमीटरचा बीम त्यात सुखाने मावतो.

दुसरी तपासणी: कंबरेपासून बीम फुलायला लागण्याचं अंतर, रेलीची लांबी, स्फटिकापेक्षा मोठी हवी. १०० मायक्रोमीटर त्रिज्येला ती सुमारे ३० मिलिमीटर असते, तर २० मायक्रोमीटरला जेमतेम १.२. पल्स लेसरसाठी बहुतेक वेळा हलकं, लांब भिंगच बरं. कित्येकदा भिंग न लावता दोन भिंगांच्या दुर्बिणीने बीम थोडा आवळणं पुरतं.

नॅनोसेकंद पल्ससाठी १०० मेगावॅट प्रति चौरस सेंटिमीटर ही सुरुवातीची मर्यादा धरा. स्फटिक त्याहून बरंच सोसतात, पण पृष्ठभागावरचं लेपन आधी जळतं, आणि बीममधले तप्त ठिपके सरासरी आकड्यात दिसत नाहीत.

सहावी पायरी: मांडणी

क्रम असा: लेसर, ध्रुवण फिरवणारी अर्ध-तरंग पट्टी, एकाच दिशेचं ध्रुवण पुढे सोडणारा ध्रुवक, दुसरी अर्ध-तरंग पट्टी, भिंग, स्फटिक, दोन डायक्रोइक (एक रंग परतवून दुसरा पुढे सोडणारे) आरसे, फिल्टर, मीटर.

पहिली पट्टी आणि ध्रुवक मिळून ऊर्जेची तोटी होते. ऊर्जा कमी-जास्त करायला लेसरचा पंप किंवा पल्स सोडणाऱ्या क्यू-स्विचची वेळ बदलू नका. तसं केलं की पल्सची लांबी आणि बीमचा आकारही बदलतो आणि मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या पट्टीने ध्रुवण स्फटिकाला हवं तसं फिरवायचं. टाइप एकच्या (दोन्ही अवरक्त फोटॉन एकाच ध्रुवणाचे लागणाऱ्या) बीबीओ-एलबीओसाठी पूर्ण साधारण ध्रुवण, टाइप दोनच्या केटीपीसाठी स्फटिकाच्या दोन अक्षांमध्ये बरोबर ४५ अंशांवर, कारण तिथे एक फोटॉन एका ध्रुवणाचा आणि दुसरा दुसऱ्याचा लागतो.

आरसे दोन का? हिरवा परावर्तित करून अवरक्त पुढे जाऊ देणारा एक आरसाही थोडं अवरक्त परत पाठवतोच. दोनदा गाळलं की उरलेलं नगण्य. अवरक्त शोषणारा रंगीत काचेचा फिल्टर आरशांच्या नंतरच ठेवा, सगळी शक्ती त्याच्यावर सोडली तर तो तडकतो.

स्फटिकाच्या फिरत्या बैठकीचा अक्ष नीट निवडा. प्रकाशीय अक्ष ज्या प्रतलात आहे, त्या प्रतलात फिरवलं तरच कलाजुळणीचा कोन बदलतो. दुसरीकडे फिरवत बसलात तर काहीच घडणार नाही. स्फटिकाच्या कडेवरची खूण आणि सोबतचा कागद बसवण्याआधी वाचा, बैठकीत बसल्यावर ती खूण झाकली जाते.

सातवी पायरी: हिरवा शोधा

ऊर्जा अगदी कमी. स्फटिकाच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारा बीम लेसरसमोरच्या छिद्रातच परत जाईल असा स्फटिक लावा, हा लंब कोन. इथला आकडा टिपून ठेवा. मग प्रत्येक बाजूला तीन अंशांपर्यंत, दर खेपेला अंशाच्या विसाव्या भागाएवढं फिरवत जा. पट्टा अंशाच्या दहाव्या भागाचा आहे, तेव्हा अर्ध्या अर्ध्या अंशाने फिरवणाऱ्याला हिरवा सापडलाच तर तो नशिबाने.

आधी पुसट हिरवा दिसेल, मग मिटेल, मग पुन्हा उजळेल. घाईने थांबू नका. कलाजुळणीच्या मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना लहान शिखरं असतात, आणि पहिल्याची उंची मुख्य शिखराच्या पाच टक्क्यांहून किंचित कमी असते. दोन्ही बाजूंचे मंद डोंगर दिसले आणि त्यांच्या मधोमध उंच शिखर सापडलं, की जागा पक्की. शिखर नेमकं लंब कोनावरच आलं तर किंचित हलवा, नाहीतर परतणारा बीम लेसरात शिरून त्याचीच वाट लावेल.

यानंतर ध्रुवणाची पट्टी फिरवून उजेड वाढवा, पुन्हा कोन, पुन्हा पट्टी. हिरवा बीम एका दिशेने लांबट दिसत असेल तर ते वॉक-ऑफचं लक्षण आहे. सौम्य भिंग घ्या किंवा स्फटिक आखूड करा.

आठवी पायरी: मोजणी, आणि आकड्यांवर संशय

मीटरवर आकडा आला म्हणजे तो हिरव्याचाच असं नाही. टाइप एकमध्ये येणारं ध्रुवण ९० अंशांनी फिरवा. हिरवा नाहीसा व्हायला हवा, अवरक्त मात्र तेवढंच राहतं. तरी मीटरवर काही उरलं, तर ते गळणारं अवरक्त. तेवढं वजा करा. ही तपासणी न करता सांगितलेल्या कार्यक्षमतेवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी कसोटी वर्गाची. ऊर्जा अर्धी केली की हिरवा पाव व्हायला हवा. दोन्ही अक्ष लॉगॅरिथमिक घेऊन आलेख काढा. उतार २ आला तर ठीक. वरच्या टोकाला रेषा वाकू लागली तर घाबरू नका, मूळ प्रकाश संपत चालल्याची ती खूण आहे. खालच्या टोकालाच उतार १ च्या जवळ असेल, तर तुम्ही हिरवा नव्हे, अवरक्त मोजताय.

नवा, अनोळखी पदार्थ हाती असेल आणि त्याचा मोठा स्फटिक नसेल, तर भुकटीची चाचणी पुरते. कुर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ मध्ये रुळवलेली ही पद्धत: कण चाळून ठरावीक आकाराचे घ्यायचे, लेसर टाकायचा, आणि हिरव्याची तुलना तेवढ्याच आकाराच्या केडीपी किंवा युरियाच्या भुकटीशी करायची. अचूक गुणांक मिळत नाही, पण पुढे मेहनत घ्यायची की नाही ते कळतं.

तापमान आणि देखभाल

अपवर्तनांक तापमानाने सरकतात. केटीपीला १ सेंटिमीटर लांबीसाठी वीसेक अंशांची मुभा, पीपीएलएनला जेमतेम दोन-तीन, त्यामुळे त्याला भट्टी लागतेच. एलबीओमध्ये तापमानाचा उलट फायदा घेता येतो: सुमारे १४९ अंश सेल्सिअसला १०६४ ची कलाजुळणी थेट स्फटिकाच्या अक्षावर होते आणि वॉक-ऑफ पूर्ण संपतो. बदल्यात तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर ठेवावं लागतं. भट्टी हळू तापवा आणि हळूच निववा. एलबीओ वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळा प्रसरतो, घाई केली तर लेपन किंवा स्फटिकच तडकतो.

हिरवा सुरुवातीला भरपूर आणि दहा मिनिटांत निम्मा होत असेल तर स्फटिक तापतोय. कोन किंचित बदलून परत येतो का पाहा. परत आला तर तापमान, नाही आला तर पृष्ठभाग भिंगाखाली तपासा. बीबीओ, एलबीओ, केडीपी कोरड्या डब्यात ठेवा, पाण्याने कधीही पुसू नका, धूळ कोरड्या हवेने उडवा.

पुढे ३५५

हिरवा आणि उरलेला अवरक्त दुसऱ्या स्फटिकात एकत्र केले की वारंवारतांची बेरीज होऊन ३५५ नॅनोमीटरचा अतिनील मिळतो. इथे एका हिरव्या फोटॉनमागे एक अवरक्त फोटॉन लागतो. हिरवा फोटॉन दुप्पट ऊर्जेचा, म्हणून ऊर्जेच्या हिशेबात दोन भाग हिरवा आणि एक भाग अवरक्त. म्हणजे पहिल्या स्फटिकाने दोन तृतीयांश ऊर्जाच बदलायला हवी. त्याने त्याहून जास्त बदलली, तर त्याचा कोन मुद्दाम किंचित बिघडवा.

पहिला स्फटिक टाइप एकचा असेल तर हिरव्याचं ध्रुवण अवरक्ताच्या काटकोनात बाहेर येतं. दुसरा टाइप दोनचा एलबीओ घेतला तर त्याला हेच हवं असतं, मध्ये काही लावावं लागत नाही. टाइप एकचा बीबीओ घेतला तर दोन्ही ध्रुवणं समांतर करावी लागतात, त्यासाठी एकाच रंगाचं ध्रुवण फिरवणारी खास पट्टी लागते. चष्मा बदला, जुन्यावर ३५५ चा आकडा नसेल तर तो इथे निकामी आहे. दुसऱ्या स्फटिकानंतरची भिंगं आणि खिडक्या फ्यूज्ड सिलिकाच्याच घ्या. अतिनील दिसत नाही, पण पांढऱ्या छपाईच्या कागदावर पडला की निळसर चमकतो. लावालावीला तेवढं पुरतं.